उंची नव्हती तिला

सम्मेद मगदूमला त्याच्याच वर्गातल्या पोरांनी उचलून कपाटावर बसवलं. लोखंडी कपाट, छताच्या हातभर खाली. वर जुने नकाशे, फुटका पृथ्वीगोल आणि बोटभर धूळ. पोरांनी खालून टाळ्या पिटल्या आणि डबे खायला पळाली. सम्मेद पाचवीत होता, पण दिसायला पहिलीतला. तिथून उडी मारायची त्याची छाती झाली नाही. ओरडला असता तर आणखी पोरं बघायला जमली असती, म्हणून तो ओरडलाही नाही. पाय पोटाशी घेऊन बसून राहिला.

कुणीतरी सातवीच्या वर्गात जाऊन त्याच्या बहिणीला सांगितलं. ऋजुता आली. तिला खुर्ची लागली नाही. तिनं नुसते हात वर केले आणि म्हणाली, "ये."

तो गळ्यात पडला तेव्हा त्याची चड्डी ओली झालेली तिला कळलं.

"अक्का, घरात सांगू नको."

"नाही सांगत."

तिनं सांगितलंही नाही. पण चड्डी आईनं धुतली, आईनं पोराला खोदून विचारलं, आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत चौघं जेवायला बसली तेव्हा भरतेश मगदूम अर्ध्या भाकरीवरच थांबला. म्हणाला, "ह्याचं काहीतरी करायला पाहिजे आता."

भरतेशचं इचलकरंजीत सुताचं दुकान होतं. माग आता माणसांशिवाय चालत, पण सूत विकायला माणूस लागतच होता. त्याची स्वतःची उंची पाच फूट दोन इंच. तरुणपणी पोलीस भरतीला गेला होता. धावणं भरलं, छाती भरली, उंची भरली नाही. मोजणारा हवालदार हसत म्हणाला होता, "पुढच्या वर्षी टाचा वाढवून या." ती गोष्ट तो बायकोलाही एकदाच बोलला होता. मुलगी आईच्या माहेरावर गेली, ताडमाड. मुलगा बापावर गेला.

त्या काळात बुटकं असणं पूर्वीपेक्षा जास्त वाईट होतं. वाढीची इंजेक्शनं स्वस्त झाल्यापासून जो तो आपल्या पोराला टोचून आणत होता. दहा वर्षांत शाळेतल्या बाकांची उंची दोनदा वाढवावी लागली. जी पोरं पूर्वी वर्गात मधल्या रांगेत उभी राहिली असती ती आता पहिल्या रांगेत आली होती, आणि पहिल्या रांगेतल्यांना कपाटावर बसवत होते.

सम्मेदलाही इंजेक्शनं दिली होती. उपयोग झाला नाही. का झाला नाही, हे सांगलीच्या रुग्णालयातल्या डॉ. शिरगुप्प्यांनी नीट समजावून सांगितलं.

माणसाचं लांब हाड मधून वाढत नाही, टोकाशी वाढतं. गुडघ्याच्या वर-खाली, घोट्यापाशी, मनगटात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. डॉक्टर तिला वाढपट्टी म्हणत. पट्टीच्या एका कडेला काही मूळपेशी नुसत्या झोपलेल्या असतात. त्यातली एखादी जागी होते, तिच्यापासून पेशींची उतरंड तयार होते. उतरंडीतल्या तळाच्या पेशी फुगतात, मरतात, त्यांच्या जागी हाड भरतं, आणि हाड तेवढं पुढं सरकतं. वयात येताना संप्रेरकांचा लोंढा येतो. झोपलेल्या पेशी भराभर उठतात, मूल वर्षात तीन-चार इंच वाढतं, नडग्या ठणकतात, विजारी आखूड होतात. मग तोच लोंढा ती पट्टी मिटवून टाकतो. पट्टी मिटली की उंची संपली; मग देव आला तरी ती उघडत नाही.

"इंजेक्शन काय करतं? झोपलेल्यांना उठवतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मुलाच्या पट्टीत झोपलेल्याच कमी आहेत. उठवायचं कुणाला?"

"मग?"

"मग त्या दुसऱ्याकडून आणायच्या."

चार वर्षांपूर्वी हे जमायला लागलं होतं. झोपलेल्या पेशी सुईनं काढायच्या आणि तासाभरात दुसऱ्याच्या पट्टीत रुजवायच्या. प्रयोगशाळेत त्यांची पैदास होत नव्हती. काचेच्या बशीत ठेवल्या की त्या जाग्या होऊन वाया जात. म्हणजे कुणाच्या तरी शरीरातून काढल्याशिवाय इलाज नव्हता, आणि रक्त जुळायला हवं असल्यानं तो देणारा बहुतेक सख्खा भाऊ नाहीतर बहीण असे. लोकांनी त्याला उंचीदान असं नाव दिलं होतं.

सरकारनं कायदाही केला होता. मुलाची पुढं किती उंची होईल याचं भाकीत यंत्र काढायचं. मुलगा असेल तर मुलग्यांच्या सरासरीवर, मुलगी असेल तर मुलींच्या सरासरीवर जे भरेल ते 'जादा' धरायचं, जादातूनच घ्यायचं. ऋजुताचं भाकीत होतं सहा फूट. मुलींची सरासरी पाच-तीन. सम्मेदचं भाकीत पाच-एक, आणि मुलग्यांची सरासरी पाच-आठ. डॉक्टरांनी दोघांचे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. भरतेश बघत राहिला. एका घरात नऊ इंच जादा आणि सात इंच कमी. एवढं सरळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सगळं नाही घेणार आम्ही," डॉक्टर म्हणाले. "मुलगी पाच-सहा, पाच-सात होईलच. पण करायचं तर आत्ताच. ती वयात यायला लागली की तिच्या पेशी तिच्याच कामी येतील."

वयात यायला लागली की तिच्या पेशी तिच्याच कामी येतील. हे वाक्य ऋजुतानं ऐकलं. ती तिथंच, डॉक्टरांच्या खोलीत, भावाचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

ऋजुता व्हॉलीबॉल खेळायची. तिच्या शाळेत शिकवणाऱ्या बुबनाळे मॅडमनी तिला चौथीत असताना हेरलं होतं. त्यांना हे कळलं तेव्हा त्या घरी आल्या. सोफ्यावर बसल्याही नाहीत.

"मगदूम, सहा फूट होणार आहे मुलगी. मनगट नेटच्या वर जाईल हिचं. वीस वर्षं पोरी शिकवतीय मी, असली एक नाही मिळाली."

"मॅडम, खेळाचं ठीक आहे," भरतेश म्हणाला. "पण सहा फुटाच्या पोरीला नवरा कुठनं आणू? विजेच्या खांबाशी लग्न लावू हिचं?"

सुवर्णा, ऋजुताची आई, हसली. मग मॅडमचा चेहरा बघून चहा टाकायला उठली. मॅडम चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी आई मटार सोलत बसली होती. ऋजुता तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, मी नको म्हटलो तर?"

"तर नाही करायचं. जबरदस्ती थोडीच आहे?" आईनं दोन शेंगा सोलल्या. "फक्त ते सम्मेदला तूच सांग."

ऋजुतानं तिच्यापुढचे मटार सोलून टाकले आणि उठली. सम्मेद बाहेर सायकल पुसत होता. सायकल त्याच्यासाठी मोठी होती, पाय टेकत नव्हते, म्हणून तो ती नुसती पुसायचा. ती त्याला काही बोलली नाही.

संमतीच्या दिवशी एक बाई आणि कॅमेरा होता. बाईंनी प्रेमानं विचारलं, "बाळ, कुणी दबाव आणला का तुझ्यावर?"

"नाही."

"मग का देणार आहेस?"

"माझ्याकडे जास्त आहे, त्याच्याकडे कमी आहे." हे वाक्य आईनं सांगितलं होतं. पण ते खोटं होतं असंही नाही. ऋजुताचा भावावर जीव होता.

शुद्धीवर आली तेव्हा दोन्ही गुडघे आणि घोटे पट्ट्यांत होते, आणि आतून कुणी गरम तार फिरवतंय तसं दुखत होतं. शेजारच्या खाटेवर सम्मेद होता.

"अक्का, दुखतंय?"

"थोडं."

"मला जास्त नाही दुखत," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणजे आता मी तू आहे थोडा."

ती हसली. त्या दोघांमध्ये एवढं प्रेमाचं बोलणं पुन्हा कधी झालं नाही.

पहिले काही महिने काही झालं नाही. मग सम्मेद वाढायला लागला. वाढला म्हणजे कसा, तर आई नवी विजार आणायची आणि ती धुवून वाळेपर्यंत आखूड झालेली असायची. तो सहा-सहा भाकऱ्या खायचा. नडग्या धरून रडायचा, आणि रडताना हसायचाही. एक दिवस भरतेशनं त्याला पाठीला पाठ लावून उभा केला, बायकोला डोक्यावर पाटी धरायला सांगितली, आणि पाटी मुलाकडून बापाकडे उतरती झाली. भरतेश घरातल्या घरात ओरडला. गल्लीत पेढे वाटले. पेढे का, तर मुलगा पास झाला असं सांगितलं.

ऋजुता जिथं होती तिथंच राहिली. पाच-तीन. मग अर्धा इंच, आणि बस. डॉक्टर म्हणाले, सुईचा धक्का पट्टीला लागला असावा. डाव्या गुडघ्यातली मिटूनच गेली. उजव्यातली मात्र अजून थोडी जागी होती, त्यामुळं उजवा पाय लांब व्हायला लागला होता.

"तीपण मिटवून टाकू, म्हणजे दोन्ही पाय सारखे राहतील," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. बाईच्या संप्रेरकाच्या, बारीक, फिकट गुलाबी, बिनचवीच्या. रोज सकाळी एक, वर्ष-दोन वर्षं.

"पाच-सहा म्हटला होता तुम्ही," ऋजुता म्हणाली.

डॉक्टरांना मुलांनी मध्ये बोलायची सवय नव्हती. ते तिच्याकडं न बघता तिच्या वडिलांना म्हणाले, "मुलींच्या सरासरीच्या वरच आहे अजून. कायद्यानं पाहिलं तर नुकसान असं काही नाही."

परत येताना गाडीत भरतेश खुशीत होता. "पाच-साडेतीन म्हणजे मुलीला अगदी शोभणारी उंची," तो म्हणाला. घरी येणारा-जाणाराही तेच म्हणायचा. पूर्वी बायका तिला बघून नाकाला बोट लावायच्या, आता कौतुक करायच्या. तिचं काही गेलंय असं कुणाला दिसतच नव्हतं. दिसायला एक चांगल्या उंचीची, थोडी लंगडणारी मुलगी होती.

मॅडमनी तिला नेटवरून काढून मागच्या फळीत घातलं. तिथं बुटक्या, चपळ पोरी लागतात. ऋजुता बुटकीही नव्हती आणि पायामुळं चपळही राहिली नव्हती. सहा महिन्यांत ती संघाबाहेर गेली. तिला काढल्याचं मॅडमनी तोंडावर सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या भावाला घेऊन येतीस का मैदानावर? हात बघितलेस त्याचे?"

ती घेऊन गेली. त्याला नेटपाशी उभं राहायला, उडीची वेळ धरायला, चेंडू मारणाऱ्याच्या हाताकडं न बघता खांद्याकडं बघायला तिनंच शिकवलं. तो वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. पण उंच होणार होता. तेराव्या वर्षीच पाच-चार भरला होता, आणि यंत्राचं नवं भाकीत सहा-एक होतं.

पुण्याच्या एका अकादमीचे निवड करणारे लोक इचलकरंजीत आले त्याच्या आदल्या दिवशी भरतेशनं दोघांना समोर बसवलं. अकादमीत दान घेतलेली उंची चालत नव्हती. तपासत नसत, पण विचारत.

"कुणी काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "उशिरा वाढ झाली एवढंच सांगायचं. ऋजू, कळलं?"

"मला कोण विचारणार आहे?" ती म्हणाली.

मैदानावर सम्मेद बरा खेळला. निवड करणाऱ्यांतला एक जाड मिशांचा माणूस त्याच्याजवळ आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला. ऋजुता चार पावलांवर त्याची पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभी होती.

"घरात आणखी कोण खेळतं का?"

"अक्का खेळायची," सम्मेद म्हणाला. "पण उंची नव्हती तिला."

त्यानं ते लाजून म्हटलं नाही, अडखळून म्हटलं नाही. चांगलं पाठ केलेलं उत्तर पोरगं देतं तसंही नाही. एखादी खरी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. बुबनाळे मॅडम शेजारीच होत्या. त्या खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागल्या. माणसानं ऋजुताकडं एकदा बघितलं, मान हलवली आणि सम्मेदच्या हातांची लांबी मोजायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता ओट्यापाशी उभी होती. तिच्या तळहातावर गोळी होती. समोर दोन पेले होते, एक तिचा, एक सम्मेदचा. त्याच्या दुधात चॉकलेटची पूड असायची, कारण त्याला सायीचा वास चालायचा नाही. तिनं चमच्याच्या पाठीनं गोळी ओट्यावर दाबली. गोळी मऊ होती, लगेच पीठ झालं. तिनं ते त्याच्या पेल्यात ढकललं आणि ढवळलं.

औषधाला मुलगा कोण, मुलगी कोण हे कळत नाही, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पट्टी दिसली की ते मिटवतं.

मग रोजचं होऊन गेलं. सम्मेद दूध पिऊन तोंड पुसत दप्तर उचलायचा, "जातो अक्का," म्हणायचा. ती पेले विसळायची.

अकादमीनं त्याला दुसऱ्या फेरीसाठी ठेवला होता. वर्षभरानं पाच-सात भरला की घेणार होते. पण त्याची वाढ रेंगाळली. विजारी पुरायला लागल्या. नडग्या दुखेनात. आधी घरच्यांना वाटलं, मधला विसावा असेल. मग त्याचा आवाज फुटता फुटता राहिला, आणि छातीवर मांस आलं. सैल बनियन घालून तो ते झाकायला लागला. मैदानावर पोरांनी एकदा त्याची जर्सी ओढून काढली. कपाटावर बसवणाऱ्यांतलीच दोघं-तिघं होती. त्यांनी त्याला काय नाव ठेवलं ते त्यानं घरात सांगितलं नाही, पण पलीकडच्या गल्लीतली पोरं ते नाव ऋजुताला ऐकू जाईल असं ओरडत गेली.

त्या दिवशी तिनं त्याला गच्चीवर बघितलं. टाकीच्या मागं बसला होता, दोन्ही हात छातीवर आवळून, ती दाबून आत घालायची असल्यासारखा. ती जिन्यातूनच परतली.

दुसऱ्या सकाळी तिनं गोळी सोलली आणि ओट्यावर नुसती ठेवली. सम्मेदचं दूध साधंच ओतलं. गोळी स्वतःच्या तोंडात टाकायला उचलली. उजवा पाय आता डाव्यापेक्षा दोन बोटं लांब झाला होता. डाव्या चपलेला खालून जाड तळवा लावावा लागला होता. डॉक्टरांना कोडं पडलं होतं की औषध हिच्यावर चालत का नाही.

बाहेरच्या खोलीत भरतेश आणि सुवर्णा बोलत होते. दार उघडं होतं.

"शिरगुप्पे म्हणतात, पेशी कमी पडल्या असतील. आणखी एकदा घालायच्या."

"आणखी? कुठनं?"

"ऋजूच्या मनगटात आहेत म्हणे अजून. आणि उजव्या गुडघ्यात, तो नाहीतरी मिटवायचाच आहे. तिला आता उंचीचं काय करायचं आहे? झाली की तिची."

सुवर्णा काही बोलली नाही. ऋजुता वाट बघत राहिली. दूध उतू जायला आलं, तिनं गॅस बंद केला. आई अजून काही बोलत नव्हती.

तिनं गोळी चमच्यानं दाबली.

आता हे आणखी सोपं झालं होतं. त्याची पट्टी मिटली तर तिच्या मनगटातलं काढून घालायला जागाच उरणार नव्हती. तिनं पाकिटातली दुसरी गोळीही काढली आणि तीही दाबली.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी सम्मेदच्या गुडघ्याचा फोटो काढला. पडद्यावर हाडं पांढरीशुभ्र दिसत होती. पूर्वीच्या फोटोत टोकांजवळ काळी रेघ होती, ती आता नव्हती.

"मिटल्या," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या मिटल्या."

"उघडा की मग," भरतेश म्हणाला. म्हणाला आणि त्यालाच कळलं काय म्हणालो ते. पाच-चार. बापापेक्षा दोन इंच जास्त. तो पडद्याकडं बघत उभा राहिला, पोरगं शेजारच्या बाकावर विजार गुडघ्यापर्यंत वर केलेलं तसंच बसून होतं.

डॉक्टरांनी दोन्ही मुलांचं रक्त घेतलं. चार दिवसांनी त्यांनी सुवर्णाला एकटीला बोलावलं.

"सम्मेदच्या रक्तात ऋजुताचं औषध आहे," ते म्हणाले. "ऋजुताच्या रक्तात ते नाही."

सुवर्णाला कळायला वेळ लागला नाही. सकाळचं दूध घरात ऋजुताच द्यायची.

"मी हे कुठं लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाले. "लिहिलं तर चौकशी होईल. तुमचीही, माझीही. वर्षाला शंभरेक मुलं येतात इथं. लोक घाबरतील."

ती घरी आली तेव्हा ऋजुता कपड्यांच्या घड्या घालत होती. सुवर्णानं दार लावून घेतलं.

"कधीपासनं?"

ऋजुतानं सम्मेदच्या शर्टाची घडी पूर्ण केली. "अकादमीचे लोक आले होते तेव्हापासनं."

सुवर्णानं तिला मारलं. गालावर, मग पाठीवर, मग कुठंही. ऋजुतानं हात वर केले नाहीत. उजव्या पायावर तोल सांभाळत ती उभी राहिली. मग सुवर्णाच दमली आणि घड्या घातलेल्या कपड्यांवर बसली.

"लहान आहे गं तो."

"मीपण लहानच होतो," ऋजुता म्हणाली.

आईनं अंगाखालचे चुरगळलेले कपडे बाजूला ओढले. मग म्हणाली, "त्याला सांगू नको. पप्पांना नको, आणि त्याला तर मुळीच नको. माझी शपथ आहे तुला." उठून तिनं गोळ्यांची पाकिटं शोधली, एकेक फोडून मोरीत ओतली, वरून बादलीभर पाणी सोडलं.

चार दिवस भरतेश अंधार पडल्यावरच दुकानातून घरी आला. पाचव्या दिवशी दुकानातून आला आणि सम्मेदला एवढंच म्हणाला, "अक्काची उंची वाया घालवलीस तू."

उन्हं उतरली होती. ऋजुता मागच्या अंगणात बसली होती. सम्मेद येऊन तिच्या शेजारी बसला. त्याचा आवाज अजूनही बारीकच होता.

"अक्का, मी चुकलो."

"काय चुकलास?"

"तू एवढं दिलंस आणि मला ते धरून ठेवता नाही आलं." तो रडत नव्हता. खाली बघून बोलत होता. "त्या दिवशी मी त्या माणसाला म्हटलो ना, तुला उंची नव्हती. पप्पा म्हटले होते काही बोलायचं नाही, म्हणून तसं म्हटलो. घरी आल्यावर तुला सांगणार होतो. मग लाज वाटली."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"एक गोष्ट मात्र केली मी," सम्मेद म्हणाला. "तुझ्या मनगटातनं काढायचं म्हणत होते ना, त्याला मी नाही म्हटलो. पप्पा पहिल्यांदा बोलले त्याच दिवशी म्हटलो. मला नको, अक्काला पुन्हा सुई लावली तर मी घर सोडून जाईन म्हटलो. आई होती तिथं. विचार तिला."

"त्याच दिवशी?"

"हो. संध्याकाळी. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

ऋजुतानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. आई जाळीमागं उभी होती, हातात ओलं पातेलं. ती हलली नाही.

ऋजुतानं तोंड उघडलं. खिडकीतून आईचा आवाज आला, "ऋजू. पानं घे. सूर्य मावळायला आला."

ती उठली आणि आत गेली.

सम्मेद आता भरतेशच्या दुकानात बसतो. उंची पाच-चार, आवाज मऊ. गिऱ्हाईकांना तो आवडतो. ऋजुता शाळेत शिकवते, भूगोल. उजव्या-डाव्या पायांत दोन इंचांचा फरक राहिला. डाव्या बुटाचा तळवा जाड करून घेते. लग्न तिनं केलं नाही. भरतेश गेला, तो काही न कळताच गेला.

अकादमीचा प्रश्न उरला नाही तेव्हापासून सम्मेदला काही लपवायची गरज राहिली नाही. तो सगळ्यांना सांगतो. दुकानात सांगतो, मंदिरात सांगतो, पाहुण्यांत सांगतो. स्वतःच्या लग्नात त्यानं भर मांडवात गाणी थांबवायला लावली, अक्काला खुर्चीवर बसवलं आणि सहाशे माणसांसमोर तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "माझ्या ह्या बहिणीनं स्वतःची उंची काढून मला दिली. नशीब माझं, मला ती पुरली नाही. पण दान ते दानच." बायका डोळे पुसायला लागल्या. त्याची नवी नवरी वाकली, तिनंही पायावर डोकं ठेवलं. सुवर्णा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

दरवर्षी काही ना काही निमित्तानं तो हे करतो. ऋजुता मान खाली घालून बसून राहते, त्याचं बोलणं संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही.

लोक म्हणतात, एवढं करून बघा, जरासुद्धा गर्व नाही.